मैदान निवडताना
(शेवगाव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या तालुक्यात कबड्डीचे मैदान नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही. पाण्याची ओढ आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर असूनही आपली मुले तिन्हीसांजेला मातीत उतरतात. परवाच एका शेतकरी बांधवाने मला विचारले, “साहेब, पोरगं चांगलं खेळतंय. तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय. कुठं घालू?” या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्याचे धाडस मला झाले नाही. म्हणूनच आजचा हा विषय निवडला आहे.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. चांगला कबड्डीपटू रेल्वे, पोलीस वा एखाद्या मोठ्या कंपनीच्या संघात जाई आणि त्याला कायमची नोकरी मिळे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळ हाच व्यवसाय होऊ शकतो, हे खेड्यातील मुलांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. आपल्याच जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण संघाने मार्च २०२४ मध्ये प्रथमच विजेतेपद मिळविले. त्यापूर्वी २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. आपल्या मुलांना यातून उमेद मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु उमेदीबरोबर हिशेबही मांडला पाहिजे. या लीगमध्ये संघ १२ असून एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात. म्हणजे साऱ्या देशासाठी, परदेशी खेळाडू धरूनही, तीनशेच्या वर जागा नाहीत. तेव्हा ‘आमच्याकडे या, लीगमध्ये पोहोचवतो’ असे सांगणाऱ्याला पालकांनी पहिला प्रश्न असा विचारावा : गेल्या पाच वर्षांत आपल्याकडे आलेली मुले आज कोठे आहेत? भिंतीवर लावलेल्या एका यशस्वी खेळाडूच्या छायाचित्राने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उरलेल्या चाळीस मुलांचे काय झाले, ते समजले पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. आपली मुले मातीवर खेळतात. राष्ट्रीय व व्यावसायिक सामने मॅटवर होतात. मॅटवर पायाची पकड निराळी, वळणे निराळे आणि गुडघ्यावर येणारा ताणही निराळा. प्रत्येक चढाई ३० सेकंदांत आटोपावी लागते. म्हणून केंद्रात रोज मॅटवर सराव होतो का, मार्गदर्शक पूर्णवेळ आहे का आणि वर्षात बाहेरचे किती सामने खेळावयास मिळतात, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

तिसरी गोष्ट, मुलाचा खेळ कोणता हे ठरविण्याची घाई करू नये. १९९६ पासून राबविल्या जाणाऱ्या राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेत उंची, वजन, धाव, उडी, लवचिकता अशा चाचण्या घेऊन मुले निवडली जातात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली प्रबोधिनीत आला. आरंभी शारीरिक क्षमतेचा पाया घातला गेला आणि त्यानंतर त्याने नेमबाजी निवडली. पुढे रेल्वेच्या नोकरीने त्याला स्थैर्य दिले आणि २०२४ साली पॅरिस येथे त्याने ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही पुण्याच्या प्रबोधिनीतून पुढे गेला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळला. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला व तेथे धावपटू म्हणून घडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्यपदक आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. तिघांच्या वाटा भिन्न आहेत. मात्र तिघांनाही पाठीशी उभी राहणारी संस्था लाभली, हे त्यांच्यातील साम्य ध्यानी घ्यावे.

चौथी गोष्ट सांगताना मला घरचा अनुभव सांगावा लागेल. माझा पुतण्या उत्तम पकड करीत असे. घरच्यांनी त्याला एका खासगी केंद्रात ठेवले; त्याचे नाव येथे घेत नाही. दुसऱ्या वर्षी गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. उपचार कोणी करावयाचे, हे प्रवेशाच्या वेळी आम्ही कोणी विचारलेच नव्हते. केंद्राने हात झटकले. सरावापायी महाविद्यालयातील उपस्थिती भरली नव्हती, त्यामुळे परीक्षाही हुकली. एका दुखापतीने खेळ गेला आणि शिक्षणही गेले. आज तो सावरला आहे. पण त्याची चार वर्षे वाया गेली. विचारणे हे माझे काम होते, ते मी केले नाही, ही खंत माझ्या मनात आजही आहे. म्हणून सांगतो : विमा, उपचार आणि परीक्षा या तिन्हींची हमी लेखी घ्यावी.

आता आपल्या सर्वांच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. शिक्षकांनी खेळाडू मुलाची जन्मतारीख अचूक नोंदवावी. वय लपवून मिळविलेले यश पडताळणीत टिकत नाही आणि मुलगा बाद होऊ शकतो. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी स्पर्धा शासनाच्या निकषांत बसावी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील क्रीडांगण राखावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील खेळाडू मूल हंगामात शाळेबाहेर पडणार नाही, हेही पाहावे. आणि पालकांनी मुलाला कोठे पाठविण्यापूर्वी एकदा त्याच्यासह तेथे जाऊन यावे, तेथील मुलांबरोबर जेवावे. माहितीपत्रकात नसलेल्या कितीतरी गोष्टी त्या पंगतीत कळतात.

त्या शेतकरी बांधवाला मी एवढेच म्हणालो, “दादा, जिथं पोराचा खेळ वाढेल आणि खेळ थांबला तरी पोरगं थांबणार नाही, तिथं घाला.” आपणा सर्वांनाही माझे हेच सांगणे आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!