सर्वांसाठी सुगम प्रवास



विरार आणि आगगाडी यांचे नाते जुने आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. तेव्हा ती दिवसातून एकदाच जाई आणि एकदाच परते. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेवरील गाड्या आल्या. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. आज चर्चगेटपर्यंतच्या सुमारे ६० किलोमीटरच्या या प्रवासावर असंख्य कुटुंबांची रोजीरोटी अवलंबून आहे.

परंतु दळणवळणाचे यश केवळ गाड्यांच्या संख्येवर मोजता येत नाही. ज्याला चढणे सर्वांत कठीण, त्याला गाडीत चढता येते की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय. दिव्यांग व्यक्तीचा प्रवास घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. रस्ता, बस, पूल, फलाट आणि डबा ही एक साखळी आहे. तिची एक कडी तुटली, तर उरलेल्या सोयी असून नसल्यासारख्या होतात आणि हाती आलेली नोकरीही सोडावी लागते.

फलाटावरील उंचवट्यांच्या फरशा अंध प्रवाशाला कडेची सूचना देतात. १९६७ मध्ये जपानच्या ओकायामा शहरात त्या प्रथम बसविण्यात आल्या. मात्र त्यांवर कोणी सामान ठेवले की ती वाट बंद होते. राखीव डब्याचेही तसेच आहे. धडधाकट प्रवाशांनी तो भरला, तर लोकल थांबते त्या काही सेकंदांत कुबड्या घेतलेला प्रवासी फलाटावरच राहतो. अशी घुसखोरी हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ खाली गुन्हा आहे.

चीनमधील बीजिंगची भुयारी रेल्वे १९६९ मध्ये बांधून झाली, तेव्हा तिच्या स्थानकांत लिफ्टची सोय नव्हती. २००८ च्या पॅरालिंपिक स्पर्धांच्या निमित्ताने जुन्या स्थानकांत अशा सोयी मागाहून कराव्या लागल्या. १ सप्टेंबर २०२३ पासून तेथे अडथळामुक्त परिसराचा स्वतंत्र कायदा अमलात आला. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ ने सुगम वाहतुकीची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

विरार ते डहाणू रोड मार्गाचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले आहे. नव्या बांधकामाच्या आराखड्यातच उतरण, लिफ्ट आणि फलाटाची योग्य उंची यांचा विचार झाला, तर पुढचा खर्च वाचेल. कायदा आणि बांधकाम ही शासनाची कामे आहेत. राखीव जागा मोकळी ठेवणे हे प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य आहे. या दोहोंची जोड मिळेल तेव्हाच विरारची लोकल खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.