दाण्यात दडलेला गुण

बी निवडणे तुमचे पिढीजाद काम. म्हणून एका शेतकऱ्याच्याच पोराची हकीकत आम्ही सांगतो. ग्रेगोर मेंडेल याने ब्रनो येथील मठाच्या बागेत गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. सारे दाणे गोल निघाले! सुरकुती मेली, असे आम्हीही म्हटले असते. त्याने तेच दाणे पेरून पुढील पीक मोजले: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. गुण मेला नव्हता, दडला होता. १८६६ साली हे छापले. विद्वानांनी १९०० पर्यंत ढुंकून पाहिले नाही, आणि मेंडेल तर १८८४ सालीच वारला. त्या गुणाच्या वाहकास आज जनुक म्हणतात.

संकरित ज्वारीचे दाणे बियाण्यास राखले, तर पुढील साली ताटे लहानमोठी येतात, ती याच कारणाने. त्यात दर वेळी दुकानदाराची लबाडी नसते. मात्र त्याचे पैसे दरसाल मोजावे लागतात. घरच्या गावठी बियाण्यास ते लागत नाहीत.