सोमलाचे पाणी
(नालवाडी, जि. वर्धा येथील भाषण)



नालवाडीशेजारी दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून महारोग्यांची सेवा केली. म्हणून येथे हे प्रथम सांगितले पाहिजे: आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, मिसळलेले पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या अंगावर डाग उमटतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, आणि बंगालमध्ये अशांना महारोगी समजून दूर लोटण्यात आले. वस्तुतः हा आजार संसर्गाने होत नाही. पुढे त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग मात्र संभवतो.

गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, आजच्या छत्तीसगडातील कौडीकसा परिसरात हे विष खडकांतून भूजलात उतरल्याचे शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडले. त्याला रंग नाही, वास नाही. उकळल्याने ते जात नाही, उलट दाटते. त्याच पाण्यावर पिकलेल्या व शिजलेल्या भातातूनही ते पोटात जाते.

बांगलादेशात पटकी टाळण्यासाठी लाखो नळकूप खोदले गेले. सोमलाची तपासणी कोणी केली नाही. खोदाईचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो, आजाराचा मात्र मजुराच्या संसारात जिरतो!

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मागणी करावी: प्रत्येक हातपंपाचा तपासणी-आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा आकडाही त्याच फलकावर हवा.