जुन्या बुलेटची जुळणी



जुनी बुलेट बाळगणारा माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, 'असे लोखंड आता मिळत नाही'. दुसरी, 'हल्ली घाटात दम धरत नाही'. पहिलीबद्दल वाद नको. दुसरीबद्दल थोडे बोलावे म्हणतो. कारण गाडी ओढेनाशी झाली की आपला हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो, आणि खरे म्हणजे तो सगळ्यात शेवटी जायला हवा.

मी बोलतो आहे ती बिडाच्या सिलिंडरची, 350 सी.सी.ची बुलेट. मूळची ती इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि गाडी आपल्याकडची झाली. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. शिक्षक बंधुभगिनींनी वृत्तचितीचे घनफळ शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर घालावे. पाय बावीस सप्तमांश धरला तर साडेतीनशेला साडेतीन घनसेंटिमीटर कमी येतात. मुलांना ते फार आवडते, विशेषतः ज्यांच्या दारात बुलेट उभी असते त्यांना.

नवी असताना हे इंजिन सुमारे 18 अश्वशक्ती देई. जुळणी करून आपण हरवलेली शक्ती परत आणतो, एवढेच. अठराची पंचवीस करू पाहाल, तर आतल्या बिग एंडचा साधा बुश ते फार दिवस सोसणार नाही.

आता क्रम. पहिले टॅपेट, आणि तेही इंजिन थंड असताना. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा बेताने पिस्टन माथ्यावर आणायचा. मग पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. आवाज नको म्हणून काही जण तो घट्ट आवळतात. तसे केले की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कंप्रेशन जाते, आणि व्हॉल्व्हची कड जळते. थोडी टिकटिक परवडली!

दुसरे म्हणजे पॉइंट. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 50 फेरे झाले. दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला 25 वेळा हे इवलेसे पॉइंट उघडतात आणि मिटतात. ते झिजणारच. काळवंडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करावेत आणि पूर्ण उघडल्यावर मधली फट फीलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी.

फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून टायमिंग त्यानंतर. पेट्रोलची वाफ पेटून पसरायला वेळ लागतो, तेव्हा ठिणगी पिस्टन माथ्याला पोचण्याआधी पडावी लागते. अ‍ॅडव्हान्सची वजने मिटलेली असताना, पिस्टन माथ्याच्या 0.8 मिलिमीटर खाली असेल तेव्हा पॉइंट उघडू लागले पाहिजेत. नेमके कधी उघडले ते अँमीटर सांगतो. चावी लावून इंजिन हळूच हाताने फिरवावे. पॉइंट मिटलेले असताना काटा उणे बाजूला झुकतो आणि उघडताच मध्यावर परततो. ठिणगी लवकर पडली तर किक उलटी पायावर येते. उशिरा पडली तर गाडी तापते आणि चढावर रडते.

एवढे झाल्यावर कार्बोरेटर. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. 1987 च्या मे महिन्यात अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून मी मेन जेट एक नंबर लहान घातला. सपाटीवर खूश होतो. मग चिपळूणहून कराडकडे निघालो, मागे मंडळी बसलेली. कुंभार्ली घाटाच्या निम्म्यात मूठ पूर्ण पिळलेली, आणि इंजिन एकदम जाम. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी हेड उघडले.

"गुरुजी, जेट कुणी बदलला?"

"मीच."

"अ‍ॅव्हरेजसाठी? मग वाचवलेले पैसे आता पिस्टनला घाला."

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की ज्वाळा जास्त तापते, आणि पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो. प्लग हे आधीच सांगत असतो, पण मी तो काढून पाहिलाच नव्हता. चढ चढून आल्यावर प्लग काढावा. भाजलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, आणि खडूसारखा पांढरा असेल तर गाडी तिथेच थांबवावी.

हे आज सांगण्याचे कारण आहे. 2025 पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉलच्या अंगी प्राणवायू असतो. त्यामुळे तोच जुना जेट आता आपोआप लहान पडतो. माझ्या हातून झाली ती चूक तुमच्या गाडीत कोणी हात न लावता होऊ शकते. प्लग पांढरा दिसला तर कार्बोरेटरची सुई एक खाच वर घ्यावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर मेन जेट एक नंबर मोठा घालावा. पेट्रोलची जुनी रबरी नळी फुगली असेल तर तीही बदलावी.

इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि टाकी तळातून गंजते. म्हणून पावसाळ्यात गाडी पडवीत लावून ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी, आणि कॉक बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.