मजकूर कमी

पहाटेच्या गाड्या पकडून आलेल्या बालवाडीताई व ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो, अध्यक्षीय भाषणात गेल्या दहा वर्षांतल्या बालपुस्तकांचा आढावा घ्यावा, असं निमंत्रणात म्हटलंय. टिपणं आणली आहेत, पण ती पिशवीतच राहतील असं दिसतंय. मला दोनच शब्दांबद्दल बोलायचं आहे: 'मजकूर कमी'.

हा शेरा मी पहिल्यांदा वाचला तो आमच्या पुस्तक निवड समितीच्या तक्त्यात. पुस्तक होतं पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक'. एक कोंबडी फेरफटका मारून जेवणवेळेला घरी येते. अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य, बत्तीस शब्दांचं. तिच्या मागावर कोल्हा आहे. दाताळ्यावर पाय पडून दांडा त्याच्याच तोंडावर बसतो, तो तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या पाठी लागतात. मजकुरात या कोल्ह्याचं नावसुद्धा नाही! आमच्या सदस्यांनी मजकूर तेवढा वाचला. आशय किरकोळ, बोध नाही, किमतीच्या मानाने मजकूर कमी. नामंजूर.

अहो, शब्द मोजून भाव ठरवायला ती काय वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात आहे?

मी ती प्रत बालवाडीत नेली. ते वाक्य मराठीत करून मुद्दाम सपाट आवाजात वाचायला लागले. चार वर्षांची एक मुलगी ताडकन उभी राहिली. "बाई, कोल्हा! तिला सांगा की!" मी आपली वाचतेय. मग तिनेच पुस्तकावर वाकून कोंबडीला हाका मारायला सुरुवात केली. बाईंना दिसत नाही ते आपल्याला दिसतं, या तोऱ्यात ती पुढे आठवडाभर वावरली. चित्रांमुळे मुलं वाचनात आळशी होतात का, यावर दुपारी परिसंवाद आहे. माझ्यापुरता तो त्या दिवशीच संपला.

चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचं असतं, म्हणजे सोळा पानी दोन फर्मे. पान कुठे उलटायचं, हाही गोष्टीचाच भाग. 'रोझीज वॉक'मध्ये एका जोडपानावर कोल्हा झेप घेतो, पान उलटलं की आपटतो, आणि त्या आपटण्यावर शब्दच नाहीत. एका प्रकाशकांनी मला विचारलं होतं, दोन्ही चित्रं एकाच पानावर बसवली तर कागद वाचेल ना? वाचेल. हसू तेवढं जाईल.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे लिहितातही आणि चित्रंही काढतात. त्यांचं 'राधाचं घर' आमच्या तक्त्यात भरून दाखवा. भाषेला एक रकाना, बोधाला एक, आणि चित्रं, छपाई, बांधणी मिळून एक! चित्रकाराची सोय बांधणीवाल्याच्या शेजारी.

तेव्हा तक्ता नवा करायला हवा. सूचीत चित्रकाराचं नाव यायला हवं. निवड समितीत एखादं लहान मूल... ते कसं, ते बघू. दोघं-तिघं बसून करू.

ती प्रत समितीकडे परत गेलीच नाही. त्या मुलीने कोल्ह्याचे डोळे नखाने खरवडून काढले होते. नोंदवहीत 'खराब' असा शेरा पडला आणि पैसे माझ्याकडून वसूल झाले. पुस्तक पिशवीत आहे, त्या टिपणांच्या खाली. बघायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत या.