हरवलेल्या बंदुकीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'पोलीस आणि स्त्रिया' हा आजच्या शिबिराचा विषय. कोठडीतले अत्याचार, तक्रार नोंदवून न घेणं, आलेल्या बाईलाच उलटे प्रश्न विचारणं, यावर सकाळपासून पुष्कळ बोलून झालं. मी एका बारीकशा वाटणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. पोलिसाकडची सरकारी बंदूक हरवते तेव्हा पुढे काय होतं? त्याचा हिशेब कोण देतं, आणि कुणाला देतं? तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, हा त्यांच्या खात्याचा प्रश्न, आपल्या संघटनेला त्याचं काय? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न 'खात्याचा' म्हणून ठरवून टाकला, तिथेच खरी गोम आहे.

आधी आपल्या रोजच्या कामातलंच बघू. आमच्या सल्ला केंद्रात पोलिसांच्या बायकाही येतात. त्या फार हळू बोलतात. एकीने सांगितलं होतं, नवरा जेवायला बसला की रिव्हॉल्व्हर काढून ताटाशेजारी ठेवतो. बोलत काही नाही, मारत तर मुळीच नाही. तक्रारीत लिहायचं तरी काय? ज्या बंदुकीला ती भीत होती, ती सरकारची होती. म्हणजे तुमच्या-माझ्या नावाने, आपल्या रक्षणासाठी दिलेली. ती ड्युटी संपल्यावर कुठे असते, कुणाच्या हातात असते, याची नोंद कोण बघतं? जी बंदूक रोज संध्याकाळी कुठे आहे हे कुणी विचारत नाही, तीच एक दिवस 'हरवते'.

आता 'हरवणं' हा शब्द बघा. छत्री हरवते, चावी हरवते. खात्याच्या दफ्तरात बंदूक ही सरकारी मालमत्ता. ती गेली की सरकारचं नुकसान झालं, मग विभागीय चौकशी, ठपका, वेतनवाढ रोखणं, कधी पगारातून वसुली, आणि फाईल बंद. वसुली कशाची, तर वस्तूच्या किमतीची. पण छत्री हरवली तर फार तर कुणीतरी भिजतं. बंदूक हरवली म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली. ती कुठल्या वस्तीत गेली, कुणाच्या उशाखाली गेली, कुणाच्या कपाळावर टेकवली गेली, हे त्या फाईलमध्ये येत नाही.

हे चित्र सगळ्यात उघडपणे दिसलं ते दक्षिण आफ्रिकेत. तिथला अनुभव मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तिथल्या बायकांच्या संघटनांनी, डॉक्टरांनी आणि 'गन फ्री साउथ आफ्रिका'सारख्या गटांनी बंदुकीचा प्रश्न थेट घरापर्यंत आणून जोडला.

तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९९ सालात खून झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. शवागारांतल्या नोंदी घेतल्या, तपास करणाऱ्या पोलिसांना विचारलं. २००४ साली निष्कर्ष आले: दर सहा तासांनी एक बाई नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मरत होती. याच काळात, २००० साली, तिथे नवा शस्त्र नियंत्रण कायदा झाला आणि २००४ पासून मुख्यतः अमलात आला. परवाना देण्याआधी माणूस बंदूक बाळगायला लायक आहे का हे तपासायचं, घरात हिंसा करणाऱ्याला नालायक ठरवता येईल, शस्त्र हरवलं वा चोरीला गेलं तर २४ तासांत कळवायचं, आणि निष्काळजीपणाने हरवलं तर तो गुन्हा. २००९ सालच्या मृत्यूंचा परिषदेने पुन्हा अभ्यास केला, तेव्हा सहा तासांचे आठ तास झाले होते. गोळीने मेलेल्या बायकांची संख्या बरीच घटली होती. पाच मोठ्या शहरांच्या दुसऱ्या एका अभ्यासाने २०१४ साली असा अंदाज मांडला, की बंदुकांवरच्या निर्बंधांमुळे २००१ ते २००५ या काळात साडेचार हजारांहून जास्त जीव वाचले. आठ तासांनी एक, हाही आकडा लाजिरवाणाच आहे. पण बंदूक कमी झाली की मरण कमी होतं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

मग नागरिकांवर एवढे निर्बंध घालणाऱ्या पोलिसांचं स्वतःचं काय? तिथल्या पोलीस खात्याच्या वार्षिक अहवालात पोलिसांची हरवलेली आणि चोरीला गेलेली शस्त्रं मोजून छापली जातात. ती दरवर्षी शेकड्यांनी असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोहान्सबर्गच्या नॉरवुड पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीतून १५८ बंदुका गायब असल्याचं उघडकीला आलं. एक-दोन नव्हेत, १५८. शिपायाच्या कमरेवरून एवढ्या बंदुका पडत नाहीत. खोलीला कुलूप असतं, कुलपाची चावी कुणाकडे तरी असते, आणि त्या माणसाच्या वर एक साहेब असतो.

सगळ्यात भयंकर गोष्ट क्रिस्तियान प्रिन्स्लू या पोलीस कर्नलची. नागरिकांकडून जमा झालेली, गुन्ह्यांत जप्त केलेली, नष्ट करण्यासाठी ठेवलेली शस्त्रं त्याच्या ताब्यात येत. ती नष्ट झाली असं कागदावर दाखवून त्याने सुमारे दोन हजार बंदुका विकल्या. त्या केप टाऊनच्या झोपडपट्ट्यांतल्या टोळ्यांच्या हातात गेल्या. २०१५ साली त्याला अटक झाली, २०१६ साली त्याने गुन्हा कबूल केला आणि अठरा वर्षांची शिक्षा झाली. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या बंदुकांचा संबंध हजाराहून जास्त खुनांशी जोडला. मेलेल्यांत अंगणात खेळणारी लहान मुलंही होती. लोकांनी विश्वासाने पोलिसांकडे जमा केलेली बंदूक, आणि ती त्यांच्याच गल्लीत परत आली! त्या वस्त्यांतल्या आया आजही विचारताहेत की एका माणसाला तुरुंगात टाकलंत, पण वर्षानुवर्षं त्याची वही तपासायची जबाबदारी कुणाची होती?

आपल्या कामाच्या दृष्टीने तिथल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, २००२ सालचा तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा निकाल. एक माणूस दारू पिऊन घरच्यांवर बंदूक रोखतो, हे पोलिसांना आधीपासून ठाऊक होतं. परवाना काढून घेण्याची कारवाई त्यांनी सुरूच केली नाही. पुढे १९९५ मध्ये त्याने बायकोला आणि मुलीला गोळ्या घातल्या, शेजाऱ्यालाही जखमी केलं. जखमी शेजाऱ्याने दावा लावला आणि न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. माहीत असून हात बांधून बसणं हीसुद्धा चूकच, आणि तिची भरपाई द्यावी लागेल, असा त्याचा अर्थ.

दुसरी, तिथला १९९८ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. मारून टाकण्याची धमकी असेल तर न्यायालयाच्या आदेशाने शस्त्र जप्त करायचं, हे त्यात आहेच. त्याखेरीज, या कायद्याखालचं कर्तव्य पोलिसाने पार पाडलं नाही तर ती गैरवर्तणूक ठरते, आणि अशा किती तक्रारी आल्या, किती जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, याचा अहवाल पोलीस प्रमुखाने दर सहा महिन्यांनी संसदेला द्यायचा, असं कायद्यातच लिहून ठेवलं. अंमलबजावणीबद्दल तिथल्या संघटनांच्या तक्रारी आहेतच. पण तत्त्व बघा. खात्याने खात्यापुरतं उत्तर देऊन भागत नाही, लोकप्रतिनिधींसमोर द्यावं लागतं. हेच तत्त्व हरवलेल्या बंदुकीला लावलं पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे नंतर चर्चेत घोळ नको. हरवली की सरसकट बडतर्फ करा, अशी माझी मागणी नाही. दक्षिण आफ्रिकेत बंदुकीसाठी पोलिसांवर हल्ले होतात, जीव जातात. जिच्यावर चौघांनी झडप घालून शस्त्र हिसकावलं त्या महिला शिपायाला आणि दारूच्या गुत्त्यात पिस्तूल विसरून आलेल्या साहेबाला एकच माप लावणं अन्यायाचं होईल. शिवाय प्रत्येकाला तीच जबर शिक्षा ठेवली तर माणूस घाबरून लपवतो, दोन दिवस स्वतःच शोधत बसतो, आणि तेवढ्यात बंदूक दूर जाते. म्हणून तीन खाती वेगळी हवीत. हिसकावून घेतली आणि लगेच कळवलं, तर त्या माणसाला आधार. निष्काळजीपणा केला किंवा लपवलं, तर कडक शिस्तभंग, आणि निर्णय होईपर्यंत हातात दुसरं शस्त्र नाही. विकली किंवा भाड्याने दिली, तर सरळ फौजदारी. आणि तिन्ही वेळा, शस्त्रागाराची नोंद ज्याने तपासायची होती त्या वरिष्ठालाही प्रश्न. आपल्याकडे शिपाई निलंबित होतो आणि साहेबाची बदली होते, ही रीत आपण ओळखून आहोत.

आता आपल्या घराकडे वळू. केरळमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधानसभेत आला. तिरुवनंतपुरमच्या विशेष सशस्त्र दलाच्या तपासणीत २५ रायफली आणि १२,०६१ काडतुसं कमी भरली होती. पुढे खात्याने सांगितलं की रायफली गेलेल्या नाहीत, नोंदीत गोंधळ आहे. असेलही. पण कुठली रायफल कुठे आहे हे वही उघडून त्याच दिवशी सांगता येत नसेल, तर खरोखर गेलेली रायफल तरी कुणाच्या आणि कधी लक्षात येणार? आणि मणिपूरमध्ये २०२३ साली पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो शस्त्रं लुटली गेली. त्यांच्या धाकात तिथल्या दोन्ही बाजूंच्या बायकांना जगावं लागलं.

कायदा काय म्हणतो? शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. पोलिसाकडून बळजबरीने बंदूक हिसकावून घेणाऱ्याला किमान दहा वर्षं, वाढून जन्मठेप. ठीक आहे. पण ज्याने ती निष्काळजीपणाने घालवली त्याचं काय? ते प्रामुख्याने खात्याकडे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली, म्हणजे १९५१ च्या जुन्या मुंबई पोलीस कायद्याखाली, खात्यांतर्गत शिक्षा आहेत, ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत. त्यातली कुठली शिक्षा झाली, का झाली, हे बाहेर कुणाला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या प्रकाश सिंग निकालानंतर आपल्याकडे २०१४ साली कायद्यात बदल करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी हे विषय त्यापुढे नेता येतात. हरवलेल्या शस्त्राला तिथे स्वतंत्र जागा नाही.

देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरेवर जे झालं, त्यावर आपली चळवळ उभी राहिली. ठाण्याच्या चार भिंतींआड काय होतं हा आमचाही प्रश्न आहे, असं आपण तेव्हापासून ठासून सांगत आलो, आणि १९८३ साली कोठडीतल्या बलात्कारासाठी कायदा बदलायला लावला. त्याच ठाण्यातली शस्त्राची खोली मात्र आपण अजून उघडायला लावलेली नाही.

मग करायचं काय? माझ्या चार सूचना आहेत.

एक. प्रत्येक जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. गेल्या पाच वर्षांत पोलिसांची किती शस्त्रं आणि काडतुसं हरवली वा चोरीला गेली? किती परत मिळाली? किती जणांची चौकशी झाली, कोणत्या दर्जाच्या, आणि शिक्षा काय? आपल्याला बंदुका कुठे ठेवल्या आहेत ते नको आहे, नुसती संख्या हवी आहे. 'सुरक्षेचं कारण' सांगून नाकारलं तर अपिलात हेच म्हणायचं.

दोन. ही संख्या दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवली जावी, आणि शस्त्र हरवण्याच्या तक्रारी प्राधिकरणाकडे जाव्यात, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात घालायची.

तीन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे २००६ चे नियम हाताशी ठेवा. नियम १० प्रमाणे, दंडाधिकाऱ्यांनी लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने हिंसाचारात वापरलेलं शस्त्र ताब्यात घ्यायला लावू शकतात. अर्ज लिहिताना 'घरात शस्त्र आहे का' हा प्रश्न प्रत्येक बाईला विचारा. नवरा पोलिसात, सैन्यात किंवा सुरक्षारक्षक असेल तर आवर्जून विचारा. उत्तर हो आलं तर अर्जात तसं नमूद करा, आणि वरिष्ठांना लेखी पत्र द्या की ड्युटीबाहेर त्याच्याकडे सरकारी शस्त्र राहू नये. त्या पत्राची पोच जपून ठेवा. उद्या कुणी 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणालं तर ती पोच बोलेल.

चार. पोलीस वसाहतीतल्या बायकांशी बोलायला सुरुवात करा. तिथे शिरणं सोपं नाही. पण आपल्याआधी कित्येक वर्षं बंदुकीचा हिशेब त्या मनातल्या मनात ठेवत आल्या आहेत. आज ती कुठे टांगली आहे, आज तो प्यायला आहे का, मुलं आत आहेत का. हा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

खात्याच्या वहीत बंदुकीची किंमत रुपयांत लिहिलेली असते. ती माणसांच्या जिवात मोजायला लावायची, आणि त्या मोजणीच्या वेळी तिथे हजर राहायचं, एवढं काम या शिबिरातून घेऊन आपापल्या जिल्ह्यात जाऊ या. अर्जाचा कच्चा मसुदा मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक गटाने एक प्रत उतरवून घ्यावी.