आंबट चुका आणि पेशींतील पडदे

आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेंत येतो. तरीहि जामखेड-पाथर्डीकडे बांधावरचा फड्या निवडुंग उन्हाळाभर हिरवा राहतो. याचें कारण शोधूं गेल्यास वाट स्वयंपाकघरांतून जाते.

मंडईंतली आंबट चुक्याची जुडी हिरवीगार असते. चुलीवर चढतांच ती मळकट दिसूं लागते. आंबटपणा पानांत आधींपासूनच होता, मग रंग आतांच कां जावा? पानाच्या पेशींत पाण्याची एक मोठी कोठी असते. तिला रिक्तिका म्हणतात. आम्ल त्या कोठींत सांठतें आणि हरितद्रव्य कोठीबाहेरच्या हरितकणांत असतें. मध्यें स्निग्ध द्रव्य व प्रथिनें यांचा अत्यंत पातळ पडदा. उष्णतेनें पडदे फुटले कीं आम्ल हरितद्रव्याला गांठतें, त्यांतील मॅग्नेशियम हिरावतें आणि हिरवेपणा संपतो.

निवडुंगाला असाच पडदा जगवितो. दिवसां अंगावरचीं छिद्रें उघडलीं तर पाणी उडून जाईल; म्हणून तो तीं रात्रीं उघडतो, हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्यापासून मॅलिक आम्ल करून कोठींत भरतो. पडद्यांतील प्रथिनांचे पंप शक्ति खर्चून हायड्रोजनचे आयन आंत लोटतात. सामू जितका कमी तितकी आम्लता अधिक. पहांटे कोठीचा सामू चारच्या आसपास उतरतो, बाहेर तो सातच्या आसपास टिकतो. एकेक अंक दहापटींचा, म्हणजे हा भेद हजारपटींचा झाला. दिवसां छिद्रें मिटतात, आम्ल बाहेर येतें व त्यांतून सुटलेल्या वायूची साखर बनते. पानफुटीचें पान सकाळीं आंबट व दुपारीं बेचव लागतें, हें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील बेंजामिन हाइन यांच्या १८१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्रांत नमूद आहे.

हरितकणांच्या आंतहि चकत्यांसारखे पडदे असतात. ऊन पडतांच त्या चकत्यांत आम्लता वाढते. भंडारदऱ्याला अडविलेलें पाणी खालीं येतांना वीज देतें, तसेच हे आयन बाहेर पडतांना पेशीचें शक्तिद्रव्य, एटीपी, घडवितात. १९६६ सालीं जॅगेन्डॉर्फ व उरिबे यांनीं हे पडदे अंधारांत आधीं आम्लांत व मग अल्कधर्मी द्रवांत ठेवले. उजेडाशिवायहि एटीपी तयार झालें. ऊन अति झालें कीं आंतली वाढती आम्लताच इशारा देते आणि फाजील प्रकाश उष्णता होऊन बाहेर टाकला जातो.

चुक्याचा रंग पालटतो तेव्हां पडदे फुटलेले असतात. जामखेडच्या माळावर ते शाबूत राहतात, म्हणून बांध हिरवा राहतो.